गळ सारखा तळाला अडकतो, सॅमन मात्र लागत नाही: काठावरून पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

तक्रार नेहमीची असते. नदीत सॅमन आलेत हे डोळ्यांना दिसतंय, समोरच्या डोहात उड्या मारतायत, चार हात पलीकडचा माणूस मासे काठावर आणतोय, आणि आपला गळ मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला दगडात रुततोय. तोडा, नवा बांधा, फेका, पुन्हा तोडा. दुपारपर्यंत गळांचं पाकीट रिकामं होतं. मग माणूस वेगळ्या रंगाचा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) घेतो, वेगळ्या वासाची गाबोळी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रंग आणि वास हे सगळ्यात शेवटी तपासायचे. गळ अडकणं आणि मासा न लागणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण बहुतेक वेळा दोष एकच असतो: आमिष माशाच्या समोरून, पाण्याच्या वेगाने, तळाच्या जरा वरून जात नाहीये. ते एक तर तळावर फरफटतंय, नाही तर माशाच्या डोक्यावरून निघून जातंय. म्हणून तपासायचा क्रम असा: आधी जागा, मग वजन, मग फेकीचा कोन, मग गळाचं टोक, आणि हे सगळं जमल्यावरच आमिषाचा रंग.

हा क्रम का, ते या माशाच्या स्वभावात आहे. समुद्रातून नदीत शिरलेला प्रौढ सॅमन खाणं जवळजवळ सोडून देतो. अंगावरच्या चरबीवर तो वर चढतो, अंडी घालतो. पॅसिफिक किनाऱ्याचे चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम त्यानंतर मरतात; अटलांटिक सॅमनपैकी काही परत समुद्रात जातात. म्हणजे आपण भुकेल्या माशासमोर आमिष टाकत नसतो. तो चावतो तो चिडून, सवयीने, किंवा अगदी नाकासमोर काहीतरी आलं म्हणून. त्यासाठी तो दोन वाव पोहत येणार नाही. आणि तो असतो तळाजवळ, कारण तिथे दगडांमुळे पाण्याचा वेग कमी असतो.

जागा

नवख्याचा डोळा पहिल्यांदा जातो तो नदीच्या मधोमध, खोल आणि जोरदार धारेकडे. मग जीव खाऊन फेक तिथपर्यंत पोचवायची धडपड सुरू होते. सॅमन मात्र शक्ती वाचवत चाललेला असतो. तो धारेच्या कडेने जातो, जिथे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासतात. पृष्ठभागावर तिथे एक रेघ दिसते. फेस आणि पानं त्या रेघेवरूनच वाहत येतात. माणूस निवांत चालेल इतक्या वेगाचं आणि कमरेपासून डोक्यापर्यंत खोल पाणी त्या रेघेच्या आतल्या बाजूला सापडलं, तर सुरुवात तिथून करा. मोठ्या दगडामागची शांत जागा, वळणाची आतली बाजू, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागतं ते डोहाचं शेपूट, या तीन जागा सोडू नका. खालचा खळाळ चढून आलेला मासा त्या शेपटाशी थांबतो.

एक गोष्ट नवखे हमखास करतात: आल्या आल्या गुडघाभर पाण्यात उतरतात. सॉकाय काठाला इतका चिकटून जातो की तुम्ही उभे राहता ती जागाच पुष्कळदा त्याची वाट असते. पहिल्या काही फेकी कोरड्या काठावरून, जवळच्या पाण्यात टाका. मग हळूहळू लांब जा. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चमक कापली जाते आणि तळाचे दगड, खळगे, कधी चक्क मासेही दिसतात. नव्या स्पिनरपेक्षा आधी तो चष्मा घ्या.

मासा कोणता आहे त्यावरही जागा बदलते. चिनूक खोल, वजनदार पाण्यात तळ धरून राहतो. कोहोला संथ पाणी आवडतं: पडलेली झाडं, मागे वळलेल्या पाण्याचे कोपरे, जवळजवळ थांबलेले डोह. पिंकचं आयुष्य ठरलेलं दोन वर्षांचं, त्यामुळे काही नद्यांत ते वर्षाआड येतात. कॅनडातल्या फ्रेझर नदीत आणि अमेरिकेतल्या प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत मोठे थवे विषम वर्षी येतात. सम वर्षी तिथे पिंकसाठी उभं राहून आमिषाला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि त्या उड्या? हवेत पूर्ण उडी मारणाऱ्या माशावर फेकत बसू नका. तो दिसतो फार, चावतो क्वचित. पाठ आणि शेपूट अलगद वर काढून पुन्हा खाली जाणारा मासा मला जास्त भरवशाचा वाटतो. तो जिथे वर आला, त्याच्या बऱ्याच वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, गळ टाका, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचेतो आमिष तळाजवळ गेलेलं असेल.

पाण्याची पातळी चढत असेल आणि पाणी चहासारखं झालं असेल, तर त्या दिवशी काहीही बदललंत तरी फारसा फरक पडत नाही. पावसाने चढलेली नदी उतरायला लागते, पाण्याला हिरवट झाक येते आणि दोन-चार फूट खोलवर दिसू लागतं, तो काळ सर्वात चांगला. अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मापन केंद्रांवरून बऱ्याच नद्यांचा प्रवाह घरबसल्या पाहता येतो. आपल्या नदीचा चांगल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. समुद्राजवळच्या पट्ट्यात भरतीचं वेळापत्रक बघा, कारण नवे मासे भरतीबरोबर आत येतात. पाणी अगदी नितळ असेल तर उजाडताना आणि सावली पडल्यावर.

वजन

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, शब्दशः.

तळावरून वाहतं आमिष टाकण्याची पद्धत म्हणजे ड्रिफ्ट. त्याची जोडणी साधी आहे. मुख्य दोरीला स्विव्हेल (पीळ न पडू देणारी फिरती कडी), त्याच्या पुढे दोन-तीन फुटांचा लीडर (वेगळ्या, कमी ताकदीच्या दोरीचा तुकडा), लीडरच्या टोकाला गळ आणि आमिष. वजन स्विव्हेलपाशी, पण थेट नाही. एका छोट्या, कमकुवत दोरीच्या तुकड्यावर. मुख्य दोरी वीस-तीस पौंडांचा ताण सोसणारी, लीडर बारा-पंधराचा, आणि वजनाचा तुकडा सहा-आठचा. वजन दगडाच्या फटीत बसलं की तो तुकडा तुटतो आणि बाकी सगळं परत येतं. दर अडकण्याला सगळी जोडणी जात असेल, तर बहुधा तुम्ही तिन्ही ठिकाणी एकाच ताकदीची दोरी वापरताय.

आता वजन किती? ते सांगता येत नाही, ऐकावं लागतं. प्रवाहाच्या जरा वरच्या अंगाला, साधारण तीस-चाळीस अंशांत फेका. वजन तळाला टेकलं की दोरीतला ढिलेपणा काढा, रॉडचं टोक वर उचला आणि दोरी खाली वाहत जाईल तसं टोक तिच्यामागे फिरवा. रॉडच्या मुठीपुढे दोरीवर तर्जनी ठेवा. बोटाला जाणवलं पाहिजे ते असं: टक… मग जरा शांतता… टक… पुन्हा शांतता… टक. वजन एका दगडाला स्पर्श करतं, उचललं जातं, हातभर-दोन हात वाहतं, पुढच्या दगडाला लागतं.

टकटक अखंड येते, किंवा करकर घासल्यासारखं वाटतं? वजन जास्त आहे. अशा वेळी दोन-चार फेकीत ते अडकणारच, आणि आमिष पाण्यापेक्षा हळू सरकतंय म्हणून मासाही लागणार नाही. पेन्सिलसारखं लांबट शिसं वापरत असाल तर पक्कडने बोटाच्या पेराचा अर्धा भाग कापून टाका आणि पुन्हा फेका. काहीच जाणवत नाही, दोरी नुसती वाहत जाते? वजन कमी आहे. आमिष माशाच्या डोक्यावरून चाललंय. एखादी फोडीची गोळी (दोरीवर चिमटून बसवायची चिरलेली गोळी) चढवा. हे एकदा जमवलं की झालं, असं नाही. दहा पावलं खाली सरकलात, पाणी थोडं वेगळं झालं, की पुन्हा कापा किंवा चढवा. शेजारचा माणूस मासे काढतोय तो बहुधा याच कारणाने: त्याचा हात सारखा वजनाच्या डबीत असतो.

शिशाच्या वापरावर काही ठिकाणी बंदी आहे. तिथे टंगस्टन किंवा पोलादाची वजनं मिळतात. ऐकण्याची रीत तीच.

वजन बरोबर असूनही अडकत असेल तर कोन बघा. गळ तुमच्या समोरून पुढे जाऊन खालच्या अंगाला ताणला गेला, की प्रवाह वाहून नेणं थांबवतो आणि दोरी काठाकडे खेचू लागतो. वजन आडवं सरकत उथळ दगडांत शिरतं. तिथवर न्यायचंच नाही. दोरी तिरकी होऊन काठाकडे वळायला लागली की क्षणभर थांबा, कारण आमिष वर उचललं जाताना कधी कधी चावा येतो, आणि लगेच गुंडाळा. आणखी एक: पाण्यावर पडलेल्या दोरीला पोट आलं, तर प्रवाह ते पोट ओढतो आणि आमिष धावत सुटतं. म्हणून लांब रॉड बरा, नऊ-साडेनऊ फुटांचा; दोरी पाण्यावरून उचलून धरता येते.

चावा ओळखायचा कसा, हा पुढचा घोटाळा. सॅमन क्वचितच हिसका मारतो. बहुतेक वेळा टकटक नुसती थांबते. किंवा दगडाच्या कडक टकऐवजी काहीतरी मऊ, रबरासारखं ओढल्यासारखं वाटतं. शंका आली की रॉड उचला. दगड असेल तर दगड. शंकेला पैसे पडत नाहीत.

एक इशारा: लांबच लांब लीडर घेऊन तो माशांच्या घोळक्यातून आडवा ओढला, तर दोरी माशाच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून जबड्यात रुततो. दिसायला मासा लागला असं दिसतं, पण त्याने काही चावलेलं नसतं. अनेक नद्यांवर मुद्दाम असं ओढणं गुन्हा आहे, अंगात रुतलेला मासा सोडावाच लागतो, आणि काही ठिकाणी लीडरच्या लांबीवरच मर्यादा आहे. सगळे मासे पाठीला किंवा पराला लागत असतील तर लीडर आखूड करा आणि हिसके मारणं थांबवा.

फ्लोट

ड्रिफ्ट जमत नसेल, किंवा तळ झाडांच्या फांद्यांनी भरलेला असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बूच, वापरा. माझ्या मते पहिल्या दिवसासाठी हाच सोपा, कारण काय चुकतंय ते डोळ्यांना दिसतं. सरकता फ्लोट, वर अडवणारी गाठ, खाली फ्लोटला पेलेल इतकंच वजन, मग लीडर आणि गाबोळी. खोली अशी काढा: आधी कमी खोलीवर वाहू द्या, मग दर फेकीला गाठ फूटभर वर सरकवा. एका फेकीला फ्लोट अडखळेल, बुडी मारेल. तो तळ. तिथून गाठ फूट-दीड फूट खाली आणा आणि तशीच ठेवा.

मग फ्लोटची मान बघा. उभा आणि पाण्याच्या वेगाने चाललाय, तर ठीक. शेंडा खालच्या अंगाला झुकलाय, तर वजन तळावर ओढलं जातंय. खोली कमी करा. शेंडा वरच्या अंगाला, तुमच्याकडे झुकलाय, तर दोरी त्याला धरून ठेवतेय. रॉड उचलून दोरीचं पोट वरच्या बाजूला टाका आणि थोडी दोरी सोडा. फ्लोट आडवाच पडून राहिला, तर वजन कमी आहे किंवा आमिष तळावर बसलंय. फ्लोट बुडला की वाट बघू नका. ढिली दोरी गुंडाळा आणि उचला.

स्पिनरवाल्यांसाठी तीनच वाक्यं. पातं फिरत राहील इतक्याच वेगाने गुंडाळा, त्याहून जोरात नाही. रॉडच्या टोकाला त्याची थरथर जाणवत राहिली पाहिजे. ती थरथर बंद पडली म्हणजे एक तर पात्यात गवत अडकलंय, नाही तर मासा आहे.

रंगाकडे यायला आता हरकत नाही. गढूळ पाण्यात मोठं आणि भडक, नितळ पाण्यात लहान आणि मंद. एका पट्ट्यात नीट वाहवून पाऊण तासात काही झालं नाही, तर आधी जागा बदला, मग रंग.

अडकलाच तर

रॉड वाकवून जोर लावू नका, रॉड मोडतो. आधी दोरी ढिली सोडा आणि अडकलेल्या जागेच्या वरच्या अंगाला चालत जा. गळ ज्या बाजूने आत गेला त्याच्या उलट बाजूने झटके द्या. पुष्कळदा सुटतो. नाही सुटला, तर रॉड सरळ त्या दिशेला करा, रीळ धरा आणि मागे मागे चाला. ब्रेडेड (विणलेली) दोरी कधीही हाताला गुंडाळू नका, ती कातडी कापते; एखाद्या काटकीला गुंडाळा. तोंड जरा वळवा, कारण वजन सुटलं की ते गोळीसारखं येतं.

सुटून आलेला गळ तसाच पुन्हा पाण्यात टाकू नका. टोक अंगठ्याच्या नखावर हलकंच टेकवून ओढा. नखात रुतून थांबलं तर चांगलं. घसरलं तर बोथट झालंय. कानस मारा किंवा बदला. सॅमनचा जबडा हाडकट असतो, बोथट टोक त्यात शिरतच नाही. मग लीडर दोन बोटांच्या चिमटीतून शेवटपर्यंत फिरवा. कुठे खरखर लागली तर तिथून कापा.

लागतो पण सुटतो

इथे दोष बहुधा ड्रॅगचा, म्हणजे रीळ किती ओढीला दोरी सोडते त्या ब्रेकचा, असतो. दोरी ज्या वजनाला तुटते त्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याला रीळ सुटली पाहिजे. घट्ट असेल तर पहिल्याच धावेत लीडर तुटतो किंवा गळ सरळ होतो. गाठ आवळताना ओली करा. कोरडी गाठ आवळली की नायलॉन तापून कमकुवत होतं.

मासा धावतोय तोवर गुंडाळू नका. रॉड वाकलेला ठेवा आणि धावू द्या. तो थांबला की रॉड आडवा धरून बाजूने ओढा. तो खालच्या अंगाला निघाला तर काठाने त्याच्याबरोबर चाला. जोरदार धारेच्या विरुद्ध त्याला वर खेचणं होणार नाही. चालायला जागाच नसेल, तर एक युक्ती कधी कधी लागू पडते: ओढ सोडा आणि थोडी दोरी ढिली द्या. दोरीचं पोट माशाच्या खाली जातं, त्याला ओढ खालून जाणवते आणि तो वर वळतो. शेवटी त्याला संथ पाण्यात आणा आणि जाळीत डोक्याकडून घ्या. शेपटीकडून जाळी घातली तर तो पुढे उसळतो.

शेजाऱ्याशी सारखा गुंता

गर्दीच्या काठावर सगळ्यांच्या दोऱ्या एकाच वेगाने खाली गेल्या तरच निभतं. तुमचं वजन शेजाऱ्यापेक्षा जड असेल तर त्याची दोरी तुमच्यावर येऊन बसणार. त्याला किती वजन लावलंय ते विचारा, लोक सांगतात. त्याच्याच लयीत, त्याच्याच कोनात फेका. ड्रिफ्टवाल्यांच्या रांगेत फ्लोट घेऊन मधे घुसू नका. कोणी मासा लागल्याची आरोळी दिली की आपली दोरी गुंडाळून बाजूला व्हा, आणि आपल्याला लागला तर आपणही ओरडा.

पाण्यात उतरत असाल तर वेडर्सवर (पाणी न शिरणाऱ्या उंच विजारीवर) कमरपट्टा आवळलेला हवा, म्हणजे पडलात तरी आत पाणी पटकन भरत नाही. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते आधी विचारून ठेवा. पाण्यातला एखादा ओळखीचा दगड नजरेत ठेवा. तो बुडायला लागला की बाहेर या. उथळ खडीत धुतल्यासारखे स्वच्छ, फिके पट्टे दिसले तर त्यावर पाय देऊ नका. ती अंडी घातलेली घरटी असतात. पाण्याचं तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं असेल तर मासे आधीच बेजार असतात. त्या दिवशी सोडलेला मासा जगेलच असं नाही, तेव्हा गळ टाकूच नका.

परवाना, नोंदीचं कार्ड, काटा नसलेल्या गळाची सक्ती, किती मासे ठेवता येतात, हे नदीगणिक वेगळं असतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी फक्त मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मासे ठेवता येतात. ते ओळखायचे शेपटीच्या अलीकडे पाठीवर असलेल्या छोट्या मांसल परावरून: तो कापलेला आणि जखम भरलेली असेल तर केंद्रातला, शाबूत असेल तर बहुधा जंगली. हे मासा पाण्यात असतानाच बघा, काठावर ओढून नाही. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरता येत नाही आणि नदीच्या त्या पट्ट्याच्या मालकाची परवानगी लागते. नियम हंगामाच्या मध्यातही बदलतात, एखादा पट्टा एका दिवसात बंद होतो. निघायच्या आदल्या रात्री त्या भागाच्या मत्स्य खात्याची ताजी सूचना वाचा.